संत्रा बर्फीचा इसेन्स

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात वसंतात पाईनच्या झाडांचा पिवळा पराग पडतो. गाड्या, पायऱ्या, टपालपेट्या, सगळ्यावर हळद सांडल्यासारखा थर बसतो. २००८च्या त्या दिवसांत माझा मित्र रोज दुपारी आमच्या गॅरेजच्या दारात यायचा, माझ्या मुलाच्या गाडीच्या काचेवर बोटाने एखादं झाड नाहीतर हरीण काढायचा आणि आत डोकावून विचारायचा, "काय करून राहिला बे केमिस्ट? झाली का बर्फी?"

मी टेबलाशी इसेन्स लावलेल्या कागदाच्या पट्ट्या हुंगत बसलेला असायचो. "नाही झाली. मुरतेय."

"मुरतेय म्हणजे? लोणचं आहे का?"

"लोणचंच समज."

अमेरिकेत आल्यापासूनच्या माझ्या सगळ्यात चांगल्या दुपारी त्या. त्यांच्याविषयी मी आजवर कोणाशी बोललो नाही, कारण त्या सांगायच्या तर पुढचंही सांगावं लागतं. मित्राच्या मुलीच्या घरी पुढची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते, आणि ती तशी सांगितली जाते याला जबाबदार मी आहे. मित्र आता नाही. माझंही वय झालं, नाक तर कधीच गेलं. तेव्हा झालं ते झालं तसं लिहितो.

मी आयुष्यभर इसेन्स बनवले. ठाण्याजवळच्या एका कारखान्यात सरबतं, गोळ्या, बिस्किटं, आइस्क्रीम यांना लागणारे वास तयार करायचं माझं काम. आमच्या धंद्यात आधी बेस बनवतात. आंब्याचा बेस म्हणजे सालीजवळचा हिरवटपणा, कोयीजवळचा आंबटपणा, पिकल्यावरचा मधासारखा वास, असं सगळं दाट करून एका बाटलीत. तो नुसता हुंगला तर डोकं धरतं. पातळ केला की मग आंबा होतो. २००१ साली मी निवृत्त झालो, मुलाने आम्हा नवराबायकोला इकडे आणलं, आणि माझ्या नाकाला काही काम उरलं नाही. खाली स्वयंपाक चालला असला की मी वरच्या मजल्यावरून ओरडायचो, "हिंग कमी पडलाय." बायको म्हणायची, "खाली येऊन खा. नाकाने जेवू नका."

मित्र भेटला तोही नाकामुळेच. आमच्या घरांमागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं एक तळं आहे आणि त्याच्या काठाने फिरायची वाट. २००७ संपता संपता एका सकाळी टेनिस कोर्टामागून जाताना मला सिगरेटचा वास आला आणि त्यातच चुरडलेल्या पाईनच्या पानांचा. वळून पाहिलं तर मफलर गुंडाळलेला, माझ्याच वयाचा एक माणूस दोन्ही तळहातांवर पाईनची पानं चोळत उभा होता. मला पाहून तो स्वतःशीच म्हणाला, "मेलो."

"तेवढ्याने वास जात नाही," मी म्हटलं.

मराठी ऐकून तो सैलावला. "तुम्हाला आला?"

"त्या बाकापासून येतोय."

"अरे बाप्पा! मग पोरीलाही येत असेल."

तो नागपूरचा. वनखात्यात नोकरी, आयुष्य चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलांत गेलेलं. सिगरेट डास पळवायला सुरू केली असं सांगायचा. मी म्हटलं, इथे तर हिवाळ्यात डास नाहीत. तर म्हणे, "सवय डासांना नव्हती ना, मला होती." बायको गेल्यावर एकुलत्या एका मुलीने त्याला आपल्याकडे आणलं होतं. पासष्टीनंतर झालेली मैत्री सहसा अहो-जाहोच्या पुढे सरकत नाही. आमची त्याच आठवड्यात अरे-तुरेवर आली. तो मला केमिस्ट म्हणायचा, मी त्याला फॉरेस्ट.

त्याची नात तेव्हा वर्षाची होत होती. ती त्याला आबा म्हणायची, म्हणजे नुसतंच "बा". दुपारची झोप तिला त्याच्या खांद्यावर लागायची आणि दुसरीकडे कुठेच लागायची नाही. आईने घेतली तर रडायची. त्या हिवाळ्यात तिची छाती भरली, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, घरात कोणाच्या कपड्यांनासुद्धा धुराचा वास नको. मुलीने वडिलांना समोर बसवलं.

"बाबा, आय अ‍ॅम सीरियस. सिगरेट बंद. परत एकदा वास आला तर मी तुमचं तिकीट काढते."

"कुठलं तिकीट?"

"नागपूरचं. दुसरं कुठलं?"

हे त्याने मला तळ्याकाठच्या बाकावर सांगितलं. नागपुरात त्याचं कोणी नव्हतं. एक बंद फ्लॅट, शेजारी किल्ली. "तिथे जाऊन काय करू बे? भिंतींना हाय-हॅलो करू?" असं म्हणून हसला.

थोड्या दिवसांनी त्याच्या जावयाच्या ऑफिसातल्या कोणीतरी चीनहून एक गंमत आणून दिली. सिगरेटसारखी पांढरी नळी, टोकाला लाल दिवा, ओढली की वाफ. धूर नाही, राख नाही, वास नाही. मुलीने बॉक्स उलटसुलट वाचला आणि म्हणाली, नुसती वाफ असेल तर ठीक, निकोटिन नको. पण सोबत आलेलं पाणी त्याने ओढून पाहिलं आणि खोकत माझ्याकडे आला. "जळक्या वायरीचा वास येतो याला. तू इतकी वर्षं काय झक मारली? चांगलं काही करून दे ना."

मी ते थेंब पट्टीवर घेऊन हुंगले. मूळ पातळ द्रव ओळखीचा होता. ज्या ग्लायकॉलमध्ये आम्ही जन्मभर इसेन्स विरघळवले, तोच. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी दुपारचं झोपायचं राहून गेलं.

औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणलं. ग्लायकॉल आणि काही सुटे वास इंटरनेटवरून मागवले. केक सजवायच्या सामानाच्या दुकानात छोट्या बाटल्यांतले इसेन्स मिळतात, ते बायकोला बरोबर नेऊन घेतले. दुकानातली मुलगी तिला विचारते, काही खास बनवताय का? बायको मराठीत म्हणाली, "हो, म्हाताऱ्यांसाठी बिड्या." तिला समजलं नाही. "हाऊ नाइस," म्हणाली.

तेलातले वास मी बाजूला ठेवले. तेल पोटात चालतं, छातीत चालत नाही, एवढं मला कळत होतं. लोण्याचा वास देणारं एक रसायन असतं, मिठाईत फार उपयोगी, पण ते हुंगून कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं गेल्याचं आमच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलं होतं. तेही टाळलं. मी किती काळजी घेत होतो हे आता आठवलं की मला चमत्कारिक वाटतं.

"कशाचा वास हवा?" मी विचारलं. मला वाटलं होतं तंबाखू म्हणेल.

"संत्रा बर्फी," तो म्हणाला. विचार न करता.

संत्रा बर्फी अवघड. नागपूरच्या बर्फीत फळाचा गर असतो, खवा असतो, साखर असते, आणि सालीचा किंचित कडवटपणा. तो कडवटपणा नसेल तर लहान मुलांची गोळी होते. पहिला बेस केला तो ओढून तो म्हणाला, "हे फिनाइल आहे बे. फरशी पुसायची का याने?" सालीचा वास जास्त झाला होता. दुसऱ्या वेळी म्हणाला, "संत्रं आलं, बर्फी नाही आली." मग मी आटवलेल्या दुधाचा वास वाढवला, जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखा येतो तो वास थोडा घातला, आणि बाटली कपडे धुवायच्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवली. वास एकमेकांत मुरायला दिवस लागतात. नवं मिश्रण हुंगलं तर प्रत्येक वास वेगळा ओरडतो. मुरलं की एका सुरात येतात. त्या कपाटात बायकोच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. ती म्हणाली, "माझ्या कैरीला संत्र्याचा वास लागला तर तुम्हा दोघांना घराबाहेर काढीन."

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "जवळ आलास. पण दुकानदाराने खव्यात मैदा घातलाय." खरंच काहीतरी पिठूळ लागत होतं. मी दोन दिवस विचार करून व्हॅनिला काढून टाकला आणि त्याजागी वेलचीचा एक अंश घातला, नुसता सुगावा लागेल इतकाच. ती बाटली मुरली, आणि तो गॅरेजमधल्या खुर्चीवर बसून ओढायला लागला. मी वाट पाहत होतो. शिवी येईल म्हणून तयार होतो.

 त्याने दुसऱ्यांदा ओढली, वाफ सोडली, डोळे मिटले. मग म्हणाला, "बर्डीच्या बाजारातून घरी जाईपर्यंत पुडा उघडायचा नाही, अशी बायकोची ताकीद असायची. मी कोपऱ्यावरच उघडायचो. ती म्हणायची, घरी लेकरू वाट पाहून राहिलं आणि तुम्ही बाप असून..." तिथे थांबला. "झाली बे बर्फी, केमिस्ट."

कारखान्यात माझ्या इसेन्सने लाखो बाटल्या सरबत विकलं गेलं असेल. कोणी पिणारा माझ्यासमोर असा डोळे मिटून बसला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याची मुलगी त्याला न्यायला आली. तिने बाटलीचा थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "ओ माय गॉड, बाबा, ही ती... आईची..." मग मला विचारलं, "काका, यात निकोटिन नाही ना?"

"थेंबभरही नाही," मी म्हटलं. "खायचाच इसेन्स आहे. बर्फीत घालतात तोच."

त्या दिवशी ते खरं होतं.

पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय बर्फीच्या वासाने जात नाही. त्याची झोप उडाली. हात थरथरायचे. नातीने चष्मा ओढला म्हणून तिच्या अंगावर खेकसला आणि ती घाबरून रडली, तर स्वतःच न्हाणीघरात जाऊन बसला. एके दिवशी त्याच्या बुटात मुलीला सिगरेटचं पाकीट सापडलं. तिने आरडाओरडा केला नाही. कॉम्प्युटर उघडला आणि त्याच्यासमोर तिकिटांच्या तारखा बघायला लागली. त्याने हातापाया पडून शेवटची संधी मागितली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. काचेवर चित्र काढलं नाही.

"त्यात निकोटिन घालता येतं ना?"

"येतं. बाटलीत मिळतं, इंटरनेटवर."

"मग घाल."

"तुझ्या मुलीला मी काय सांगितलंय?"

"तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ. केमिस्ट, तिने या वेळी तिकीट काढलं ना, तर ते एकाच बाजूचं असेल." त्याने माझा हात धरला. जंगलात हिंडलेल्या माणसाचा खरखरीत हात. "पोरगी माझ्या खांद्यावर झोपते बे."

मी घातलं. नाही म्हणता आलं असतं. डॉक्टरकडे जा, मुलीशी सरळ बोल, निकोटिनच्या चिकटपट्ट्या मिळतात त्या दंडाला लाव, असं सांगता आलं असतं. मी त्याच्यासाठी घातलं हे खरंच आहे, पण सगळं खरं नाही. निकोटिनने घशात मिरीसारखी खवखव होते, आणि मला ती लपवून दाखवायची होती. वेलची वाढवली, सालीचा कडवटपणा थोडा वर आणला, पुन्हा मुरवलं. शेवटी अशी बाटली तयार झाली की नुसत्या वासावरून जुनी कुठली आणि नवी कुठली, हे मलाही ओळखू येईना. मी खूश होतो. बाटलीवर मी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मुलीने वाचलं असतं.

तो उन्हाळा फार सुखाचा गेला. तो शांत झाला, दोन घास जास्त खायला लागला, नातीला ढकलगाडीत घालून तळ्याला फेऱ्या मारायचा आणि तिला झाडांची नावं सांगायचा. इथली झाडं त्याला ओळखता यायची नाहीत, म्हणून तो प्रत्येकाला जवळचं मराठी नाव द्यायचा. एक होता ऐन, एक बेहडा, पाईनला सरळ "परका" म्हणायचा. आमच्या अंगणात बायकोने भेंडी लावली होती. संध्याकाळी दोन्ही कुटुंबं एकत्र जेवायची. देवळाच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा कार्यक्रम झाला, तिथे त्याची मुलगी सगळ्यांना सांगत होती, "बाबांनी या वयात सिगरेट सोडली. नुसत्या विलपॉवरवर!" लोक त्याचं अभिनंदन करत होते आणि तो माझ्याकडे चोरून बघून डोळा मिचकावत होता. मला हसू आवरत नव्हतं.

त्याच दिवशी पार्किंगमध्ये तिने मला गाठलं. "काका, खरं सांगा, तेच आहे ना अजून? बाबा एकदम इतके शांत कसे झाले? मला कधीकधी डाऊट येतो."

"अगं, तेच. बर्फीचा इसेन्स. तू चाखलायस की."

"ओके. तुम्ही म्हणताय तर प्रश्नच नाही." आणि तिने गाडीचं दार उघडून माझ्या बायकोला आधी बसवलं.

पानं रंग बदलायला लागली होती तेव्हाची गोष्ट. शनिवारची सकाळ. मी नेहमीसारखा मित्राला फिरायला बोलवायला गेलो होतो. तो वर दाढी करत होता. नळीत भरायला आणलेली बाटली स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तशीच राहिली होती. जावई बाहेरगावी होता. मी बाहेरच्या खोलीत बुटाची नाडी सैल करत होतो, आणि आत दुधावरून मायलेकींचं रोजचं भांडण चाललेलं ऐकू येत होतं. नात पेला ढकलून "नो, नो" करत होती.

"बघ, आबांची बर्फी घातली! यम्मी! आता पी."

मी ऐकलं. ऐकलं आणि त्याचा अर्थ लागायला मला एक क्षण लागला. मी उठेपर्यंत पोरीने एक घोट घेतला होता आणि तोंड वेडंवाकडं करून उरलेला बाहेर काढला होता. मी आत जाऊन पेला उचलला आणि मोरीत ओतला. तिची आई माझ्याकडे बघत राहिली. "काका?"

मी म्हटलं, "नको. जड होतं दुधात."

जड होतं दुधात. हे शब्द माझे आहेत.

थोड्याच वेळात पोरगी पांढरी पडली. तोंडातून लाळ गळायला लागली, मग उलटी, पुन्हा उलटी. आईने एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. फोन ओट्यावर ठेवून स्पीकर सुरू केला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती: मुलीचं वय, वजन, काय प्यायली, किती. आणि मग, त्या बाटलीत काय काय आहे?

"काका, काय काय आहे त्यात?"

मी तोंड उघडलं. ग्लिसरीन म्हटलं. ग्लायकॉल म्हटलं. पुढचा शब्द माझ्या तोंडात होता आणि तो बाहेर येत नव्हता. किती वेळ गेला असेल? फार नाही. पण तिचा चेहरा माझ्याकडे होता, पोरीचं डोकं तिच्या दंडावर होतं, आणि मी ग्लायकॉलवर थांबलो होतो.

"निकोटिन आहे." मित्र जिन्यावर उभा होता. अर्ध्या गालाला साबण. त्याने तेच पुन्हा इंग्रजीत मोठ्याने सांगितलं, फोनमधल्या बाईला ऐकू जाईल असं. मग मुलीकडे बघून म्हणाला, "मी घातलं. बाहेरून मागवून मी घातलं. काकांना माहीत नाही."

तिने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच बोललो नाही.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. पोटात फार गेलं नव्हतं, बरंचसं उलटीतच पडलं होतं. हॉस्पिटलात दिवसभर लक्ष ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत पोरगी तिथल्या नर्सचा बिल्ला ओढून हसत होती. तिला काहीही झालं नाही. हे आधीच सांगायला हवं होतं कदाचित. आम्हाला त्या दिवशी ते माहीत नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने माझ्याकडे नीट पाहिलं. निकोटिनची बाटली आमच्याच कपाटात, तिच्या बरण्यांशेजारी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. "अहो, उद्या सकाळी जा आणि त्या पोरीला खरं काय ते सांगा."

"उद्या जातो."

उद्या गेलोही. मी बोलायच्या आत मुलीनेच माझे हात धरले. तिचे डोळे सुजले होते. "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांनी तुम्हालासुद्धा फसवलं. तुमच्यासारख्या माणसाला." तिने मला चहा करून दिला. मी तो प्यायलो.

मुलीने मित्राचं नागपूरचं तिकीट काढलं. मी त्याला तळ्यावर गाठलं. "मी सांगतो तिला," मी म्हटलं.

"कशाला? आता दोघांचं तोंड काळं कशाला करायचं? तू निदान इथे राहा. पोरगी मोठी होताना कोणीतरी बघायला पाहिजे का नको बे?" मग माझ्या पाठीत एक धपका घातला. "आणि तुझी बर्फी फर्स्ट क्लास होती. पोरीने थुंकली म्हणून वाईट वाटून घेऊ नको. तिला टेस्ट नाही."

मी जे ऐकायला गेलो होतो तेच त्याने मला ऐकवलं. मी पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी तो नागपूरला गेला. विमानतळावर नातीने त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं, सवयीने, आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेपर्यंत ती झोपून गेली. तिला आईच्या हातात देताना ती जागी झाली आणि किंचाळायला लागली. तो मागे वळून न बघता आत गेला. त्या दिवाळीला त्याच्या मुलीने आम्हाला फराळाचं ताट आणून दिलं.

तो नागपुरात बरीच वर्षं जगला. सिगरेट पुन्हा सुरू झाली. आम्ही रविवारी फोनवर बोलायचो. "कसा आहेस फॉरेस्ट?" "मस्त. भिंती उत्तरं द्यायला लागल्या." त्याने त्या शनिवारचं नाव कधी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मुलगी दर दोन वर्षांनी एकटी जाऊन यायची. नातीला एकदाच नेलं, ती तेव्हा शाळेत जात होती, आणि दोघांना एकमेकांशी काय बोलावं कळलं नाही म्हणे. तो गेल्याचं मला फोनवर कळलं. मग माझी बायको गेली. जाण्याआधी बऱ्याच वर्षांत तिने मला तो विषय काढून दाखवला नव्हता. तिने आशा सोडली असावी.

यंदा नात कॉलेजला निघाली. घरी पार्टी होती. तिचे मित्रमैत्रिणी अंगणात बसले होते आणि ती त्यांना सगळ्यात हसू आणणाऱ्या गोष्टी सांगत होती. त्यातली एक: "माय ग्रँडपा पॉयझन्ड मी वन्स. लिटरली." सगळे हसले. मग म्हणाली, तो माणूस सगळ्यांशी खोटं बोलला, स्वतःच्या बेस्ट फ्रेंडशीसुद्धा, अँड द पुअर गाय इज सिटिंग राइट देअर. आणि तिने प्रेमाने माझ्याकडे बोट दाखवलं. मुलं माझ्याकडे बघून "ऑ" करायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईकडे गेलो. तीही आता केस पिकलेली बाई झाली आहे. मला बसवताना तिला वाटलं, माझी तब्येत बिघडली असेल. मी सांगितलं. निकोटिन मी मागवलं, मी घातलं, मी लपवलं, तुला दोनदा खात्री दिली त्यातली दुसरी खोटी होती, आणि त्या दिवशी मी ग्लायकॉलवर थांबलो म्हणून तुझ्या वडिलांना बोलावं लागलं.

तिने टेबलक्लॉथची घडी सरळ केली.

"काका, तुम्ही तेव्हा बोलला असतात ना, तर मी दोघांवर ओरडले असते. खूप. महिनाभर तुमच्या घरी आले नसते." तिचा आवाज अगदी साधा होता. "पण बाबांना पाठवलं नसतं."

"पण मग पाठवलंस का?"

"मला वाटलं, सिगरेटचं जाऊ दे, अ‍ॅडिक्शन असतं, मला कळतं. पण ज्या एका माणसाने त्यांच्यासाठी इतकं केलं, त्याला पण त्यांनी बनवलं? त्याच्या मागे त्याच्या बाटलीत हे घातलं? मी म्हटलं, असा माणूस मी माझ्या मुलीजवळ कसा ठेवू? ते ऐकून माझं ठरलं, काका. तुम्हाला फसवलं ते ऐकून."

मी तिला माफ कर म्हटलं नाही. ती म्हणाली असती, "जाऊ द्या काका", आणि ते तिला म्हणायला लावणं बरोबर नव्हतं.

थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुऊन आली आणि जिन्याखाली उभी राहून मुलीला हाक मारली. मला म्हणाली, "हिला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

नात कानातली इअरफोनची बोंडं काढत खाली आली. "व्हॉट्स अप, आजोबा?"

मी मराठीत सुरुवात केली. तिला मराठी समजतं, सगळं नाही. जिथे तिच्या कपाळावर आठी पडली तिथे तिच्या आईने तो शब्द इंग्रजीत सांगितला, फक्त तो शब्द, जास्त काही नाही. मी मध्ये थांबलो नाही.

"वेट," ती म्हणाली. "सो ही वॉज कव्हरिंग फॉर यू?"

"हो."

"अँड यू जस्ट लेट हिम?"

"हो."

 ती आईकडे वळली आणि म्हणाली, माझ्या फोनमध्ये आबांचा एकही फोटो नाही, तुझ्याकडे आहे का? तिची आई फोटो शोधायला लागली. तिला ते पटकन सापडेनात, म्हणून मुलीनेच तो फोन तिच्याकडून घेतला आणि टेबलाशी उभी राहून एकेक फोटो मागे मागे सरकवत राहिली.